डाव्या बाजूची सुई

शिवणाऱ्या बाईची सुई टेबलावरच्या पिनकुशनमध्ये असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी शिवणारी बाई कामाला बसलेली कधी नीट पाहिलेलीच नाही. टेबलावरचं पिनकुशन शोभेला असतं. खरी सुई राहते अंगावर, डाव्या छातीपाशी, कपड्यात आडवी खोचलेली. टाका घातला, दोरा तोडला, सुई डावीकडे खोचली, कापड सरकवलं, सुई काढली, पुन्हा टाका. हात आपला आपण जातो आणि येतो, त्याला डोळ्यांची गरज लागत नाही. दिवसातून किती वेळा, हे विचारू नये. आपण दिवसाला किती वेळा पापणी मिटतो हे कुणी सांगू शकतं का?

मास्तरीण हे तीस वर्षं करत आली होती. तिला सगळी गल्ली मास्तरीण म्हणायची. शाळेशी तिचा संबंध मुलांच्या गणवेशापुरताच, पण टेलरचा मास्तर होतो तर टेलरणीची मास्तरीण का होऊ नये? दुकान दोन खोल्यांचं. पुढे कटिंगचं लांब टेबल आणि दोन मशीनं, मागे पडदा लावून केलेली ट्रायलची खोली आणि तिच्यात भिंतभर आरसा. नवरा ट्रक चालवायचा. निघाला की आठ-दहा दिवस त्याचा फक्त आवाज घरी यायचा, फोनवरून. दुकानात आणि घरातही तिच्या सोबतीला तिची नणंद. मास्तरीण तिला वन्सं म्हणायची. वन्सं चार वर्षांनी मोठ्या, काजं-बटणं, हेमिंग आणि अस्तर त्यांच्याकडे. टाका असा बारीक की बघत राहावं आणि जीभ अशी की ऐकू नये.

मास्तरणीच्या डाव्या छातीत गाठ निघाली, ती वाईट निघाली आणि ती बाजू काढावी लागली. त्याच ऑपरेशनमध्ये तिथे एक पिशवी बसवली. ही पिशवी डॉक्टरीणबाईंनी तिला आधी टेबलावर ठेवून दाखवली होती. तळहाताएवढी, रबरी, चपटी. ती कातडीखाली ठेवायची, दर पंधरवड्याला सुईने तिच्यात थोडं थोडं मिठाचं पाणी भरायचं. पिशवी फुगते, तशी वरची कातडी सावकाश ताणत जाते. पुरेशी ताणली की पिशवी काढून तिच्या जागी कायमचं, मऊ असं रोपण बसवायचं.

"म्हणजे आधी कापड वाढवून घ्यायचं," मास्तरीण म्हणाली होती.

"तसंच समजा."

"आमच्याकडे कापड कमी पडलं तर आम्ही जोड देतो. तुम्ही कापडच वाढवता. बरंय तुमचं."

डॉक्टरीणबाई हसल्या होत्या. वन्सं हसल्या नव्हत्या. घरी येताना त्या म्हणाल्या, "गाठ काढली, जीव वाचला, झालं की. या वयात हे फुगवणं कशाला? कोण बघणार आहे?"

"मी बघणार आहे," मास्तरीण म्हणाली.

आणि ते खरंच होतं. दिवसाला पंधरा बायका त्या आरशासमोर उभ्या राहायच्या आणि प्रत्येकीच्या मागे, तोंडात पिना धरून, आरशात दिसायची ती मास्तरीण. तिच्याइतकं त्या आरशात दुसरं कुणीच दिसत नव्हतं. तीस वर्षांत तिला दोन्ही बाजू सारख्या असलेली एकही बाई भेटली नव्हती; अर्धा इंच इकडे, पाव इंच तिकडे, आणि ते झाकून देणं हाच तिचा धंदा. पण अख्खी एक बाजू सपाट असलेली बाई रोज आरशात बघायची, हे काही तिला झेपणारं नव्हतं. हे तिने वन्संना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं आणि हट्टाने ती पिशवी बसवून घेतली. तेव्हा आता ती पिशवी टिकवणं ही तिची एकटीची जबाबदारी होती. काही वाकडं झालं असतं, तर वन्सं काही बोलल्या नसत्या कदाचित. पण त्यांच्या न बोलण्याला सुद्धा धार असते.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "ती जागा लाल झाली, गरम लागली, ताप आला, किंवा अचानक बसल्यासारखी वाटली तर तडक यायचं. आत जंतू गेले तर पिशवी काढावी लागते. मग सहा महिने काही करता येत नाही आणि नंतर जमेलच असंही नाही." आणखीही एक गोष्ट सांगितली होती, की त्या जागेच्या कातडीला इथून पुढे फारसं कळणार नाही. मास्तरणीने मान डोलावली होती. तेव्हा तिला गाठ परत येण्याची भीती होती. कातडीला कळणार की नाही याचा विचार करायला सवड कुणाला होती?

तीन वेळा पाणी भरून झालं. भरणारी सिस्टर एक छोटं लोहचुंबक दोऱ्याला बांधून छातीवर फिरवायची. पिशवीच्या तोंडाशी आत लोखंड बसवलेलं असायचं, तिथे ते चुंबक झुकायचं, आणि सिस्टर बरोबर तिथे सुई घालायची. मास्तरणीला याची गंमत वाटायची. दुकान बंद करताना फरशीवरच्या पिना वेचायला तीही चुंबकच फिरवायची. सिस्टरची सुई आत जाताना तिला फक्त कुणीतरी लांबून दाबल्यासारखं वाटायचं. "दुखलं का?" सिस्टर विचारायची. "अजिबात नाही," मास्तरीण म्हणायची, आणि तिला त्याचं चक्क बरं वाटायचं.

अजून तीनदा पाणी भरायचं राहिलं होतं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हलक्या कामाला परवानगी दिली. सोमवारी मास्तरीण दुकानात गेली. मंगळवारी हे झालं.

मंगळवारी सकाळी ती एका राखाडी कोटाचं अस्तर टाचत होती, निळ्या दोऱ्याने. अकराच्या सुमाराला एक गिऱ्हाईक आलं, ती ओढणी सारखी करत उठली, परत येऊन बघते तर सुई नाही. टेबलावर नाही, कोटात नाही, खाली चुंबक फिरवलं तरी नाही.

"सुया हरवायला लागल्यास," वन्सं म्हणाल्या. "म्हातारी झालीस."

"तुमच्या पाठोपाठच चाललेय ना मी," असं म्हणून मास्तरणीने दुसरी सुई घेतली. दुपारी गणवेशाचे सदरे होते, पांढरा दोरा. मग ती निळ्या दोऱ्याची सुई विसरूनच गेली.

संध्याकाळी सहाला घरी येऊन ती कपडे बदलायला लागली. वरचा कुर्ता डोक्यातून काढताना डावीकडे अडकला. तिने जरा ओढला. तरी अडकलेलाच. तिने खाली बघितलं.

निळा दोरा लोंबत होता, दिवसभर ओढणीखाली झाकलेला. सुई कापडातून आत गेली होती, आणि कापडाच्या आत काय होतं हे तिला ठाऊक होतं. ती तिरकी, निम्म्याहून अधिक छातीत रुतलेली होती. सकाळी अकरापासून.

ती पलंगाच्या कडेला बसली. दुखत नव्हतं. दुखत नव्हतं म्हणूनच ती जास्त घाबरली. तीस वर्षांत हजार वेळा सुई चुकून अंगाला लागली असेल. लागली की कातडी बोंबलायची, हात मागे यायचा, इतकं साधं होतं ते. आता हात तोच होता, सवय तीच होती, फक्त कातडी गप्प होती. तिने दोन बोटांनी सुई धरली आणि ओढून काढली. मसुरीएवढा रक्ताचा थेंब आला. तिने कापूस औषधात बुडवून त्यावर दाबला आणि दार उघडं आहे का ते बघितलं.

त्याच मिनिटाला तिने दवाखान्यात जायला हवं होतं. ते तुम्हाला कळतंय, मला कळतंय, तिलाही कळत होतं. पण तिथे जाऊन काय सांगणार? की बाई, तुम्ही चार तास उभं राहून जे बसवलंत, ते मी स्वतःच्या हाताने भोसकलं? आणि त्या तपासतील, मान हलवतील आणि म्हणतील, काढावं लागेल. न गेलं तर निदान ते कुणी म्हणणार नाही. भीतीने माणूस असा हिशोब करतो आणि तो त्या वेळेला अगदी बरोबर वाटतो.

वन्संनी बाहेरून विचारलं, "आवरलं का?"

"आले," मास्तरीण म्हणाली. आवाज तिचाच होता, याचं तिला नवल वाटलं.

बुधवारी सकाळी न्हाणीघरात तिने गळ्यातला टेप काढला आणि स्वतःचं माप घेतलं. छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंत, उभाराच्या वरून. शेवटचं पाणी भरल्यावर तिने हौसेने हेच माप घेतलं होतं: साडेआठ इंच. आज सव्वाआठ आलं.

टेप जुना आहे, तिने स्वतःला सांगितलं. कापडी टेप वापरून वापरून लांबतो आणि माप कमी दाखवतो, हे कुठलाही टेलर सांगेल. दुकानात जाऊन तिने टेबलाला ठोकलेल्या पोलादी पट्टीवर टेप धरला. तंतोतंत जुळला. तिने कपाटातून नवा, कोरा टेप काढला, पडद्यामागे गेली, पुन्हा मोजलं. सव्वाआठच. दुपारी तीनला आठ. गिऱ्हाइकं कमरेबद्दल खोटं बोलतात तेव्हा ती नेहमी म्हणायची, "टेप लाजत नाही हो ताई." आता टेप हातात घ्यायचीच तिला धास्ती वाटायला लागली, आणि घेतल्याशिवाय राहवेना. अर्ध्या-अर्ध्या तासाने ती पडद्यामागे जायची. कपाळाला हात लावायची. कपाळ गरम लागायचं, मग वाटायचं हातच गार पडलाय. एकदा आरशात लाल डाग दिसला आणि ती धावत दिव्याखाली गेली. तो टेपच्या कडेचा वळ होता.

नवऱ्याचा फोन आला. "बरं आहे ना सगळं?"

"सगळं बरं आहे. तुम्ही जेवलात का?"

"डावा हात वर जातो का पूर्ण?"

"जातो," ती म्हणाली आणि फोन ठेवून तिथेच उभी राहिली. त्याने अजून एक प्रश्न विचारला असता तर तिने सांगून टाकलं असतं. त्याने विचारला नाही. मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

गुरुवारी सकाळी माप पावणेआठ आलं. आता टेपची गरजच नव्हती. डावी बाजू वरून बसली होती, सुरकुतली होती, कपडा तिथे पोकळ पडत होता. अंगावरचा कपडा पोकळ पडला तर काय करायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने डब्यातून कोटाच्या खांद्याचा एक पॅड काढला, तो आत सरकवला, आरशात दोन्ही बाजू सारख्या केल्या आणि कामाला बसली. तीस वर्षं ती लोकांच्या बाजू झाकत आली होती. स्वतःची झाकायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत.

पण खांद्याचे पॅड जोडीने येतात. दहा वाजता वन्संनी राखाडी कोट पुरा करायला घेतला आणि डबा उघडला.

"यात एकच आहे," त्या म्हणाल्या. "दुसरा कुठाय?"

"असेल तिथेच."

"तिथे असता तर मी विचारलं असतं का?" वन्सं उठल्या, टेबलाखाली बघितलं, कपाटात बघितलं. मग सरळ झाल्या आणि त्यांची नजर मास्तरणीवर थांबली. चाळीस वर्षं अस्तरं लावणाऱ्या बाईला कापडाच्या आत काय भरलंय हे वरून कळतं. त्यांनी आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे.

"काढ तो," वन्सं हळूच म्हणाल्या.

मास्तरणीने पॅड काढून टेबलावर ठेवला. "वन्सं, मी सुई खोचली. मंगळवारी. मला कळलंच नाही हो. दिवसभर होती. मला काहीच कळलं नाही."

आता येणार, असं वाटून तिने डोळे मिटले. या वयात कशाला, मी म्हटलं नव्हतं, हे सगळं आता येणार. काहीच आलं नाही म्हणून तिने डोळे उघडले. वन्संच्या स्वतःच्या डाव्या छातीवर काळ्या दोऱ्याची सुई खोचलेली होती. ती त्यांनी काढली, तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि टेबलावरच्या पिनकुशनमध्ये टोचली. इतक्या वर्षांत त्या पिनकुशनला वन्संची सुई पहिल्यांदाच मिळत होती.

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या. "मी कुलूप लावते."

दवाखान्यात सिस्टरने लोहचुंबक बाहेर काढलंच नाही. डॉक्टरीणबाईंनी दोन बोटांनी दाबून बघितलं, पुन्हा बघितलं, सुईचं भोक शोधलं. ते आता तीळभर उरलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि रागावल्या त्या फक्त एकाच गोष्टीसाठी.

"मंगळवारी का नाही आलात?"

"तुम्ही काढाल म्हणून."

मग त्यांनी सांगितलं, की पिशवीला भोक पडलंय, पाणी गळतंय. त्या पाण्याचं काही नाही, ते शरीर शोषून घेतं. पण जागा आवळत जायच्या आत पिशवी बदलायला हवी. औषध आजच सुरू करायचं आणि उद्या सकाळी उघडायचं.

"नवी बसेल ना?"

"आत स्वच्छ असेल तर उद्याच बसवते. आत पू झाला असेल तर नाही बसवता येणार. उघडल्याशिवाय मी शब्द देऊ शकत नाही."

म्हणजे भूल घेताना ठाऊक नसणार होतं की जाग आल्यावर काय असेल. पहिल्या ऑपरेशनला ती जीवाला घाबरली होती. ती भीती मोठी होती आणि सगळ्यांना सांगता येत होती. ही लहान होती, लाजवणारी होती, आणि तिने मास्तरणीला जास्त पोखरलं. दुसऱ्या दिवशी ढकलगाडीवरून नेताना ती छतावरचे दिवे मोजत होती. वन्सं दारापर्यंत बरोबर चालल्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण त्यांच्याकडे बोलायला नेहमीचंच सामान होतं, आणि ते त्यांनी या वेळी आत ठेवलं.

जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. छातीवर घट्ट पट्टी होती. मास्तरणीने उजवा हात वर उचलला आणि डाव्या बाजूला नेला, तीस वर्षं जिथे न बघता जायचा तिथे. हाताला पट्टी लागली. छातीला हात लागला नाही. आत काही आहे की नाही, तिच्या स्वतःच्या अंगाला सांगता येत नव्हतं. ते तिला दुसऱ्या माणसाला विचारावं लागणार होतं.

"वन्सं," ती शेवटी म्हणाली. "आहे का?"

वन्सं स्टुलावर बसल्या होत्या. त्या पुढे झुकल्या. "आहे. आत स्वच्छ होतं म्हणाल्या. नवी घातलीय."

"खरं सांगताय ना?"

"मी कधी बरं वाटावं म्हणून बोललेय का तुझ्याशी?"

हे मात्र खरं होतं, आणि मास्तरणीने निर्धास्त डोळे मिटले.

पुन्हा सगळं पहिल्यापासून. पुन्हा पंधरवडे, पुन्हा चुंबक, पुन्हा थोडं थोडं पाणी. वन्संनी तिला मनगटावर बांधायचं छोटं पिनकुशन शिवून दिलं, आत ठासून कापूस भरून. डाव्या बाजूला कुर्त्याच्या आतून जाड कॅनव्हासचा तुकडाही लावला, तरी कॅनव्हासमधूनही सुई जाते हे दोघींना ठाऊक होतं. पण मनगट नवं होतं आणि सवय तीस वर्षांची. सुई हातात आली की मास्तरणीला अजूनही भीती वाटायची, सुईची नव्हे, स्वतःच्या हाताची. तो केव्हा निघेल ते तिला कळायचं नाही. आणि पोचला तरी कळणार नव्हतं.

तिसऱ्यांदा पाणी भरून झाल्यानंतरच्या आठवड्यात गणवेशांची घाई लागली. दोघी शेजारी शेजारी बसून पट्ट्या दुमडत होत्या. गिऱ्हाईक दारात उभं, मशीनची मोटर चालूच. मास्तरणीने टाका घातला, दोरा दाताने तोडला, आणि हात सुटला. डावीकडे.

"आई गं!"

मास्तरीण दचकली. तिच्या छातीपुढे वन्संचा उघडा पंजा होता. केव्हा आडवा आला ते तिने पाहिलंच नव्हतं. सुई त्यांच्या मधल्या बोटात शिरली होती.

तिने घाईने सुई काढली. रक्ताचा थेंब आला, मसुरीएवढा. "लागलं का हो वन्सं? फार लागलं का?"

"लागणारच," वन्सं कळवळत म्हणाल्या. "तुझ्या वाटचं आता मीच ओरडायचं, नाही का?"

मास्तरणीने त्यांचं बोट आपल्या तोंडाशी नेलं आणि फुंकर घातली. दारातलं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, मशीनची मोटर तशीच घरघरत होती, पण तिला ते बोट सोडवेना.